उजवा दिवा दुबईचा: दाजींच्या गाडीचं हेडलाईट प्रकरण

आधी प्रकरण काय ते सांगतो. गाडी एका युरोपियन कंपनीची सेडान, इथेच असेंबल झालेली, स्टेअरिंग उजवीकडे, पुढे हॅलोजन प्रोजेक्टरवाले हेडलाईट. मालक माझे दाजी, राहायला मुलुंड, गाव श्रीवर्धनच्या बाजूला. भांडुपला सिग्नलवर एका टेम्पोने मागे येता येता दाजींचा उजवा हेडलाईट फोडला, बंपरला फक्त ओरखडा, पण दिव्याची काच आणि आतली फ्रेम दोन्ही गेलं. सर्व्हिस सेंटरने नव्या असेंब्लीचा जो भाव सांगितला तो ऐकून दाजी तिथला फुकटचा चहा न पिताच बाहेर आले, आणि मग आपण सगळे जे करतो तेच केलं, कुर्ला गाठलं. तिथे सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत एकाकडे त्याच मॉडेलचा उजवा दिवा मिळाला, वापरलेला पण काच एकदम क्लिअर, दुकानदाराने स्वतःहून सांगितलं की दुबई का माल है साहब, उधर धूल है पर बारिश नहीं, इसलिए रिफ्लेक्टर देखो कैसा चमक रहा है. आणि खरंच चमकत होता. बोल्ट बरोबर बसले, कनेक्टर बसला, बल्ब पेटला, दिवा वर-खाली करणारी लेव्हलरची मोटरही फिरली. विषय संपला असं सगळ्यांना वाटलं.

तक्रार यायला वेळ लागला, आणि आली ती पण भलत्याच बाजूने. मुंबईत काही नाही. एक्सप्रेसवेवर पुण्याला जाऊन आले, काही नाही. गावाला निघाले की माणगाव सोडून म्हसळ्याच्या रस्त्याला लागल्यावर समोरून येणारा जवळजवळ प्रत्येक जण डिपर मारायला लागायचा. एसटीवाला, दुचाकीवाला, टमटमवाला, सगळे. एक जण तर गाडी बाजूला घेऊन काच खाली करून काहीतरी सुनावून गेला. दाजी वैतागले कारण ते अप्परवर चालवतच नव्हते, डॅशबोर्डवरची निळी खूण बंद होती आणि ताई शेजारी बसून तेच तेच बघत होती.

आता गंमत अशी की दाजींचं स्वतःचं मत एकदम उलटं होतं. "अरे, या दिव्याने लाईट आधीपेक्षा भारी पडतोय, दोन्ही बाजूची झाडं दिसतात," हे ते मला फोनवर अभिमानाने सांगत होते. माझं काम ऑटो पार्ट्सच्या इन्स्पेक्शनचं आहे, हेडलाईट हा माझा रोजचा आयटम नाही पण त्यांची ड्रॉइंग्ज हाताखालून गेलेली आहेत, आणि हे 'दोन्ही बाजूची झाडं' ऐकल्यावर माझे कान टवकारले. लो बीमवर, म्हणजे अप्पर नसतो तेव्हाच्या खालच्या उजेडावर, उजवीकडची झाडं दिसायलाच नको असतात. निदान छान तर दिसायलाच नको.

गॅरेजवाल्याने तोपर्यंत त्याचे उपाय करून झाले होते. आधी म्हणाला बल्ब जास्त वॅटचा असेल. काढून बघितला तर साधा ५५ वॅटचा एच ७, कंपनीचाच. मग म्हणाला दिवा वर बघतोय, आणि मागच्या स्क्रूने दोन्ही दिवे खाली केले, चांगलेच खाली. डिपर कमी झाले हो, पण आता दाजींनाच पुढचं दिसेना. या उपायाचं गणित सांगतो कारण हा आपल्याकडे सगळ्यात कॉमन उपाय आहे आणि तो किती महाग पडतो ते कोणी मोजत नाही. दाजींच्या गाडीचा दिवा जमिनीपासून साधारण ६५ सेंमी उंच आहे. नॉर्मल सेटिंग १ टक्का खाली असतं, म्हणजे १० मीटरला १० सेंमी, या हिशोबाने उजेडाची वरची रेघ ६५ मीटरवर रस्त्याला टेकते. गॅरेजवाल्याने जे केलं ते मी नंतर मोजलं तर अडीच टक्क्यांच्या आसपास होतं, म्हणजे रेघ २६ मीटरवर टेकली. ताशी ६० च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळपास १७ मीटर जाते, समोर म्हैस दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा दीड सेकंद धरला तर २५ मीटर तिथेच गेले, ब्रेक तर अजून लागायचाच आहे. म्हणजे समोरच्याचा त्रास मिटवायला स्वतः आंधळं व्हायचं, असा तो सौदा.

आता मूळ मुद्दा. लो बीम हा दोन्ही बाजूंना सारखा नसतो. युरोपात १९५० च्या दशकात ही आयडिया आली आणि तेव्हापासून जगभर कमीजास्त फरकाने तीच चालते. भिंतीवर लो बीम मारून बघा, वर काळोख, खाली उजेड आणि मधे एक रेघ, तिला कट-ऑफ म्हणतात. आपल्याकडे, म्हणजे डावीकडून चालणाऱ्या देशात, ही रेघ मधल्या कोपऱ्यापासून उजवीकडे सपाट जाते आणि डावीकडे वर चढते, चढ साधारण १५ अंशांचा. कारण सरळ आहे, उजवीकडून समोरची गाडी येते, तिच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात उजेड जाता कामा नये, आणि डावीकडे रस्त्याची कड, चालणारी माणसं, सायकलवाले, बोर्ड, तिकडे उजेड लांबवर आणि थोडा वरपर्यंत हवा. दुबई, जर्मनी, चीन, अमेरिका इथे गाड्या उजवीकडून चालतात, तिथे हेच सगळं आरशात बघितल्यासारखं उलटं, सपाट भाग डावीकडे आणि चढ उजवीकडे. अमेरिकेचा स्टँडर्ड वेगळा आहे, तिथली रेघ तेवढी धारदार नसते पण कुठली बाजू सांभाळायची हे तेच. अप्परला बाजू नसते, तो दोन्हीकडे सारखाच, त्यामुळे अप्पर लावून चेक केलं तर काहीच कळणार नाही, आणि गॅरेजवाल्यांनी बऱ्याचदा तेच केलेलं असतं.

हा फरक किती मोठा आहे ते युरोपच्या हॅलोजन दिव्यांच्या जुन्या नियमातल्या दोन आकड्यांवरून कळतं. टेस्ट २५ मीटरवरच्या पडद्यावर होते. पडद्यावर एक पॉइंट असा आहे जो ५० मीटर लांबच्या समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्याच्या जागी येतो, तिथे जास्तीत जास्त ०.४ लक्स (उजेड मोजायचं एकक) चालतो. आणि आपल्या बाजूच्या कडेला ७५ मीटरवर येणारा जो पॉइंट आहे तिथे कमीत कमी १२ लक्स हवा. म्हणजे एकाच दिव्यातून, थोड्याशा अंशांच्या फरकाने, एकीकडे दुसऱ्याच्या ३० पट उजेड. चुकीच्या देशाचा दिवा बसवला की या दोन जागांची अदलाबदल होते.

आणि हे बल्बमध्ये नसतं, हे सांगायला हवं, कारण दाजींचा पुढचा प्रश्न तोच होता की इथला बल्ब घालून बघू का. एच ४ असो नाहीतर एच ७, बल्ब लंडनला तोच, दुबईला तोच, दादरला तोच. फरक काचेत, रिफ्लेक्टरमध्ये किंवा प्रोजेक्टर असेल तर आतल्या छोट्या पत्र्यात असतो. प्रोजेक्टरमध्ये बल्बच्या पुढे एक पत्रा उभा असतो, त्याच्या वरच्या कडेला पायरी कापलेली असते, आणि पुढचं भिंग त्या कडेची प्रतिमा उलटी करून रस्त्यावर टाकतं. त्या पत्र्याची पायरी कुठल्या बाजूला आहे एवढ्यावर देश ठरतो. दोन गाड्यांचे हेडलाईट बाहेरून बघितले तर शंभर टक्के सारखे, स्क्रूची भोकंसुद्धा तीच, म्हणून तर कुर्ल्यात कोणालाच संशय येत नाही.

पण काचेवर लिहिलेलं असतं. वाचायची सवय नाही एवढंच. युरोपियन पद्धतीच्या दिव्यावर वर्तुळात इंग्रजी ई आणि एक नंबर असतो, १ म्हणजे मंजुरी जर्मनीची, ११ म्हणजे ब्रिटनची, असं. शेजारी एचसीआर वगैरे अक्षरं, म्हणजे हॅलोजन, लो आणि हाय दोन्ही. आणि त्याच्या खाली बाण. गाडीसमोर उभं राहून बघितलं की बाण तुमच्या उजव्या हाताला असेल तर दिवा डावीकडून चालणाऱ्या देशांसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठी. (समोर उभं राहिल्यावर तुमचा उजवा तो गाडीचा डावा, इथे अनेकजण गोंधळतात.) दोन्ही टोकांना बाण असेल तर दिवा दोन्हीकडे चालवता येतो, आत स्विच किंवा खटका असतो. आणि बाणच नसेल तर तो उजवीकडून चालणाऱ्या देशांचा. बाण नसणं हीच खूण, त्यामुळे ती डोळ्यात भरत नाही, नसलेली गोष्ट कोण शोधणार. दाजींच्या डाव्या दिव्यावर बाण होता. उजव्यावर वर्तुळ होतं, १ होता, अक्षरं होती, खाली काहीच नाही.

इथेच निकाल लागला होता खरं तर, पण दाजींना काचेवरच्या शिक्क्याने पटणारं नव्हतं, "अरे छपाईत राहून गेला असेल" म्हणाले. मग त्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंत टेस्ट केली. मुंबईत सपाट जमीन आणि समोर १० मीटरवर मोकळी भिंत मिळणं हेच मोठं काम आहे, पोडियमला उतार असतो, कंपाऊंडला लोकांच्या गाड्या लावलेल्या असतात, आणि रात्री साडेअकराला हेडलाईट लावून भिंतीवर टेप चिकटवणाऱ्या दोन माणसांना वॉचमन काय काय विचारतो ते वेगळंच. टायरची हवा बरोबर करून घेतली, ड्रायव्हर सीटवर भाच्याला बसवलं, लेव्हलरचा खटका शून्यावर. गाडी भिंतीला चिकटवून दोन्ही दिव्यांचे मध्यबिंदू मास्किंग टेपने मार्क केले, मग सरळ मागे १० मीटर, आणि मार्कच्या १० सेंमी खाली आडवी टेप. गॅरेजवाल्याचं सेटिंग आधी परत वर आणून रेघ टेपवर बसवली. एका वेळी एकच दिवा बघायचा, दुसऱ्यासमोर दोन-अडीच फुटांवर पुठ्ठा धरायचा, काचेवर फडकं टाकू नका, प्लॅस्टिकची काच हॅलोजनच्या गरमीने खराब होते.

डावा दिवा: कोपऱ्यापासून उजवीकडे सपाट, डावीकडे वर. पुस्तकातल्यासारखा. उजवा दिवा: डावीकडे सपाट, उजवीकडे वर. दोन्ही एकदम लावले तर मधे खाली आणि दोन्हीकडे वर चढलेली रेघ. दाजी बघत राहिले आणि म्हणाले, "पण हे तर चांगलंच आहे ना, दोन्हीकडे उजेड."

आणि माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचा गाभा इथे आहे. दोन्ही दिवे दुबईचे असते तर दाजींनाच त्रास झाला असता, डावीकडची कड काळी पडली असती, कडेने चालणारा माणूस उशिरा दिसला असता, आणि पहिल्या आठवड्यात ते गॅरेजला गेले असते. पण डावा दिवा ओरिजिनल होता, तो त्याचं काम चोख करत होता, आणि वरून उजव्याने फुकटात उजवी बाजूही उजळून दिली. म्हणजे गाडीत बसलेल्या माणसासाठी बिघाड ही सुधारणा होती. हेडलाईटच्या बाबतीत मालकाचं मत हा सगळ्यात कच्चा पुरावा आहे, कारण लो बीमचा अर्धा उपयोग त्याच्यासाठी नाहीच, तो समोरच्या अनोळखी माणसासाठी आहे, आणि त्या माणसाकडे आपल्याला कळवायला डिपर सोडून दुसरं काही साधन नाही. तेही आपल्याकडे इतकं कशालाही वापरतात, पुढे पोलीस आहे म्हणून, बाजूला हो म्हणून, मी आधी जाणार म्हणून, की कोणी डिपर मारला तर आपण काहीच अर्थ काढत नाही.

मग मुंबईत महिनोन्महिने कसं खपलं? सोपं आहे. रस्त्यावर दिवे आहेत, स्पीड नाही, एलबीएस रोडला लो बीम चालू आहे का बंद हेही लक्षात येत नाही. ईस्टर्न एक्सप्रेस हायवेला मधे डिव्हायडर, समोरचा प्रवाह लांब. पुणे एक्सप्रेसवेला मधल्या पट्ट्यात झाडी, समोरच्याचा डोळा आपल्या दिव्याला दिसतच नाही. उलटा दिवा उघडा पडतो तो फक्त अंधाऱ्या, दोन लेनच्या, डिव्हायडर नसलेल्या रस्त्यावर, आणि मुंबईकराच्या आयुष्यात तो रस्ता गावाला जातानाच येतो.

एक गोष्ट मात्र मलाही सुरुवातीला खटकत होती. दाजी म्हणत होते की एकटे गेले तेव्हा डिपर कमी आणि सगळे गेलो तेव्हा जास्त. उलटा दिवा काय माणसं मोजतो? कागदावर मांडल्यावर जमलं. धरून चला दिवा ६५ सेंमीवर, समोरच्या कारवाल्याचा डोळा ११५ सेंमीवर, आणि तो आपल्या दिव्यापासून ३ मीटर उजवीकडे. दिवा १ टक्का खाली सेट आहे, म्हणजे ३० मीटर लांब रेघेचा सपाट भाग ३५ सेंमीवर आलेला असतो. उलट्या दिव्याची रेघ उजवीकडे १५ अंशांनी चढते, ३ मीटर बाजूला गेलं की ८० सेंमी वर. ३५ आणि ८०, ११५. बरोब्बर डोळा. म्हणजे गाडी रिकामी असेल तर समोरचा ३० मीटरपेक्षा लांब असेपर्यंत उजेडाच्या वर राहतो, आणि शेवटच्या ३० मीटरमध्ये सापडतो. दोन्ही गाड्या ६० ने येत असतील तर हा प्रकार जेमतेम सेकंदभर, एकदम डोळ्यात मारून गायब, त्याला कळतही नाही काय झालं.

आता गणपतीला निघालेली गाडी घ्या. मागे तिघं, डिकीत मोदकांचं सामान, नारळ, बॅगा, ताईचा तो स्टीलचा डबा. मागचं सस्पेन्शन बसलं, नाक वर आलं, समजा अर्धा अंश. अर्धा अंश म्हणजे जवळजवळ ०.८७ टक्के, १ टक्का खाली असलेला बीम आता फक्त ०.१३ टक्के खाली, म्हणजे सपाटच म्हणा. १०० मीटरवर सपाट भाग ५२ सेंमीला, त्यात चढाचे ८० मिळवले की १३२. डोळा ११५ लाच. म्हणजे समोरचा माणूस १०० मीटरपासून अगदी शेजारून जाईपर्यंत सलग उजेडात. बरोबर दिवा असता तर त्याच भरलेल्या गाडीत उजवी बाजू ५२ लाच राहिली असती, डोळ्याच्या खूप खाली, कोणाला पत्ताही लागला नसता. आपल्या बाजूचा दिवा असल्या चुका पोटात घालतो, परदेशी दिवा घालत नाही. लेव्हलरचा खटका असतोच की स्टेअरिंगच्या बाजूला, ० ते ३, भरलेल्या गाडीत तो २-३ वर घ्यायचा असतो, दाजींनी तो आयुष्यात फिरवला नव्हता आणि खरं सांगायचं तर कोण फिरवतं. फिरवला असता तरी केस पुन्हा रिकाम्या गाडीसारखी, शेवटचे ३० मीटर उरलेच.

हे गणित दाजींनी शांतपणे ऐकलं आणि मान हलवली, पण पटलं ते खुर्चीने. सोसायटीमागच्या लेनमध्ये गाडी उभी केली, मागच्या सीटवर भाचा आणि त्याचे मित्र कोंबले, आणि दाजींना २५ मीटर पुढे, बाजूला ३ मीटरवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं, डोळ्याची उंची साधारण ड्रायव्हरएवढी. डावा दिवा एकटा लावला, म्हणाले ठीक आहे. उजवा एकटा लावला, तर हात कपाळावर धरून ओरडले, "अरे बंद कर ते!" त्यानंतर 'भारी पडतोय' हा शब्द त्यांच्या तोंडून आला नाही.

कायद्याने हे पकडता आलं असतं का, हेही तपासलं. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला १०६ वा नियम म्हणतो की पुढचा दिवा कायम खाली झुकलेला हवा, इतका की दिव्यापासून ८ मीटर पुढे, गाडीच्या उजव्या कडेपासून अर्धा मीटर उजवीकडे आणि दीड मीटर उंचीवर डोळा असलेल्या माणसाला तो दिपवणार नाही. बाजू बरोबर धरली आहे, उजवी. पण वरचंच गणित लावा: ८ मीटरवर ६५ वजा ८, दिवा गाडीच्या कडेपासून पाव मीटर आत धरला तर वर पाऊण मीटरचे २० मिळवा, ७७ सेंमी. दीड मीटरच्या जवळजवळ निम्मं. दाजींचा उलटा दिवा या नियमात आरामात पास.

दुसरीकडे परदेशातून अख्खी गाडी आणायची म्हटली तर सरकारने हे अगदी स्पष्ट लिहिलंय. जुनी गाडी आयात करायची तर ती ३ वर्षांपेक्षा जुनी नको, स्टेअरिंग उजवीकडे हवं, स्पीडोमीटर किलोमीटरमध्ये हवा, आणि हेडलाईटची फोटोमेट्री (उजेड कुठे किती पडतो ते) डावीकडून चालणाऱ्या वाहतुकीला जुळणारी हवी. आणि अशा जुन्या गाड्या उतरवायला परवानगी कुठे, तर मुंबई बंदरात. म्हणजे ज्या शहरात ही अट तपासायची त्याच शहरात सुटा दिवा मात्र कुर्ल्याच्या रॅकवर बसून राहतो, कारण अट गाडीला आहे, सुट्या दिव्याला कोण विचारतो. आमच्या कोकणात तर घरटी कोणीतरी गल्फमध्ये आहे, तिकडची डाव्या स्टेअरिंगची गाडी आणता येत नाही पण पार्ट बॅगेतून येतात, आणि देणारा प्रेमाने देतो.

दाजींचा एक गैरसमज अजून होता, आणि तो मी इतरांकडूनही ऐकलाय, की स्टेअरिंग ज्या बाजूला त्या बाजूचा हेडलाईट. तसं नाही. हेडलाईट रस्त्याच्या बाजूवर ठरतो, स्टेअरिंगवर नाही. स्वीडन हे याचं भारी उदाहरण. तिथे १९६७ पर्यंत गाड्या डावीकडून चालायच्या पण बहुतेक गाड्यांचं स्टेअरिंगही डावीकडेच होतं. ३ सप्टेंबर १९६७ ला पहाटे ५ वाजता अख्खा देश डावीकडून उजवीकडे गेला, स्टेअरिंग कोणाला हलवावं लागलं नाही, पण हेडलाईट बदलावे लागले. आणि त्यांनी ते उरकून घ्यायची घाई केली त्यामागचं एक कारण म्हणजे तेव्हा बहुतेक गाड्यांना सारख्या मापाचे, गोल, स्वस्त दिवे होते, प्रत्येक मॉडेलचा वेगळा महागडा दिवा यायला नुकती सुरुवात होत होती, आणखी थांबले असते तर खर्च वाढत गेला असता. आज तो खर्च दाजींना सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर दिसला. उलटी बाजू बघायची तर रशियाचं व्लादिवोस्तोक, रस्ता उजवीकडचा आणि जपानहून आलेल्या जुन्या गाड्या ढिगाने, म्हणजे दाजींच्या उजव्या दिव्याची केस, पण दोन्ही दिव्यांना. ब्रिटिश लोक गाडी घेऊन फ्रान्सला जातात तेव्हा हेडलाईटवर लावायचे खास स्टिकर विकत घेतात, काही नव्या गाड्यांमध्ये सेटिंगमधूनच बीम सपाट करता येतो. आपल्याला ही सवयच नाही कारण आपण गाडीने जाऊन जाऊन जाणार कुठे, नेपाळ, भूतान, बांगलादेश, सगळे डावीकडचेच.

स्टिकर शब्द ऐकताच दाजींना काळी टेप सुचली. जुन्या टॅक्सी आणि ट्रकच्या दिव्यांना वरून काळा रंग फासलेला असायचा ना, तसं काहीतरी. जुन्या रेघारेघांच्या काचेच्या दिव्याला बरोबर जागी टेप लावून चढाचा तुकडा झाकता यायचा, पण प्रोजेक्टरला नाही जमत. तिथे भिंगाच्या प्रत्येक भागातून अख्खं चित्र जातं, थोडं भिंग झाकलं तर चित्र कापलं जात नाही, नुसतं फिकं होतं. दुसरा पर्याय दिवा उघडून पत्रा पलटायचा. मुंबईत हे करणारी पोरं आहेत आणि काही खरंच हुशार आहेत, दिवा गरम करून सील सोडवतात, काम करून परत बंद करतात. पण त्या मॉडेलचा पत्रा सपाट नव्हता, किंचित वाकवलेला होता, पलटला तर रेघ धूसर होण्याची भीती, आणि एकदा उघडलेलं सील जुलैमध्ये किती टिकेल यावर मी पैज लावली नसती. आत वाफ धरली की चमकदार रिफ्लेक्टरचं काय होतं ते आपल्या इथल्या कुठल्याही दहा वर्षं जुन्या गाडीत बघा.

शेवटी पुन्हा कुर्लाच, पण यावेळी मोबाईलचा टॉर्च घेऊन आणि बाण शोधत. अपघातात टोटल लॉस झालेल्या इथल्याच एका गाडीचा उजवा दिवा मिळाला. काच पिवळट, दिवा बसवायचा एक कान तुटलेला. पण वर्तुळाखाली बाण होता. कान प्लॅस्टिक वेल्डिंगने जोडला, काच घासून पॉलिश करून वर यूव्हीवाला क्लिअर कोट मारला, नाहीतर सहा महिन्यांत परत पिवळी पडते. पुन्हा भिंत, पुन्हा टेप, दोन्ही दिवे १ टक्क्यावर, यावेळी दोन्ही रेघा उजवीकडे सपाट आणि डावीकडे वर. खुर्चीवर दाजी स्वतःहून जाऊन बसले.

पुढच्या फेरीला म्हसळ्याच्या रस्त्याला भरलेली गाडी, लेव्हलर २ वर, डिपर जवळजवळ बंद. एक-दोघांनी मारला, पण ते स्वतःच अप्परवर होते. दाजींची तक्रार आता एवढीच आहे की उजवीकडची झाडं पूर्वीसारखी दिसत नाहीत. दुबईचा दिवा माळ्यावर आहे. कुर्लेवाला तो परत घ्यायला तयार आहे, निम्म्या किमतीला, दाजी पाऊण मागतायत, आणि मी त्यांना म्हटलंय की विकाच, पण घेणाऱ्याला सांगून विका की हा इथे लावायचा नाही. त्यावर ते म्हणाले, मग घेईल कोण?